आराखड्याचा कर्ता कोण?

राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्कराजाचा बडोद्याला सापडलेला एक ताम्रपट आहे, इसवी सन 812 च्या सुमाराचा. त्यात कृष्णराजाने एलापुरावर, म्हणजे आजच्या वेरूळला, उभारलेल्या शिवमंदिराचे वर्णन येते. आकाशातून जाणारे देवही ते पाहून थबकतात वगैरे स्तुती तर आहेच, पण त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. ज्याने ते घडवले तो शिल्पीच काम पुरे झाल्यावर चकित झाला, हे आपल्या हातून कसे घडले याचे त्याला नवल वाटले आणि पुन्हा असे काही जमेल याचा त्याला भरवसा वाटेना, असे तो ताम्रपट सांगतो. ताम्रपट राजाच्या गौरवासाठी लिहिलेले असतात, तेव्हा अतिशयोक्ती धरूनच चालावे. तरीही कैलास लेण्यासमोर उभे राहिले की ही अतिशयोक्ती वाटत नाही. डोंगर वरून खाली कोरत आणलेला, शिखर आधी आणि जोते शेवटी. छिन्नीचा एक घाव चुकला तर तिथे पुन्हा दगड चिकटवता येत नाही. असे काम हातून झाल्यावर ‘हे मी केले’ असे म्हणण्याऐवजी ‘हे माझ्याकडून कसे झाले’ असे ज्याला वाटले, त्याच्या मनात जो प्रश्न उठला तोच प्रश्न आज वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलामुलींपुढे कधीतरी उभा राहतो. फक्त तो विचारायला त्यांना कोणी शिकवत नाही. मला तर वाटते की त्यांचे शिक्षण त्यांना नेमके उलटे शिकवते, आणि नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जी निराशा अनेकांना गाठते तिचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडे बी.आर्क. पाच वर्षांचे, दहा सत्रांचे. त्यातले एक सत्र एखाद्या कार्यालयात उमेदवारी करण्यात जाते. बाकीची बहुतेक सत्रे डिझाइनच्या स्टुडिओभोवती फिरतात. सुरुवातीला एखादा बसथांबा किंवा छोटे घर, मग शाळा, मग वसतिगृह, मग रुग्णालय किंवा संग्रहालय, आणि शेवटी थिसीस, ज्याचा विषय, जागा आणि गरजपत्रक सगळे विद्यार्थ्यानेच ठरवायचे. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात एकच नाव असते. ज्युरीपुढे उभे राहून ‘माझी संकल्पना अशी आहे’ इथून सुरुवात करायची असते, आणि ज्युरीचे प्रश्नही त्या ‘माझी’वरच रोखलेले असतात: हे तुला कुठून सुचले, इथे तू काय विचार केलास. या पद्धतीची किंमत मी कमी करत नाही. रात्रभर जागून केलेले मॉडेल सकाळी कोणीतरी चार वाक्यांत मोडीत काढते आणि दुपारी त्याच मुलीला नवा कागद पसरावा लागतो, तेव्हा ती जे शिकते ते पुस्तकातून मिळत नाही. पण या सगळ्या प्रकल्पांत एक गोष्ट कायम गैरहजर असते. ते बांधले जात नाहीत. त्यांना गवंडी नसतो, ठेकेदार नसतो, पावसाळा नसतो, आणि त्यात राहायला कोणी येत नाही. कर्म पुरे होते ते शीटवरच, आणि फळ म्हणून मिळतात ते गुण. तेव्हा पाच वर्षांच्या शेवटी त्या विद्यार्थ्याच्या मनात कर्तेपणाचे जे चित्र पक्के होते ते एका माणसाचे, एका नावाचे असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याविषयी एक फार काटेकोर विचार आहे. कोणतेही कर्म सिद्धीला जायला पाच कारणे लागतात, असे तिथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवे दैव. वस्तुस्थिती अशी असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची नजर कच्ची आहे, असाही निर्वाळा लगेच पुढे दिला आहे. अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ परंपरेने घेतला आहे, आणि हा सगळा विचार जीवाच्या मोक्षाच्या संदर्भात आला आहे, हे मला मान्य आहे. तो इमारतीला लावणे हे माझे स्वातंत्र्य. पण ते ओढूनताणून घेतलेले नाही. इमारतीचे अधिष्ठान म्हणजे ती जमीन, तिचा उतार, तिची माती. साधने म्हणजे विटा, सळया, सेंटरिंगच्या फळ्या, आणि पैसाही. क्रिया म्हणजे शेकडो हातांची वेगवेगळी कामे. आणि दैव म्हणजे ज्यावर यातल्या कोणाचीच सत्ता नाही ते: स्लॅब टाकायच्या दिवशी आलेला पाऊस, मध्येच बदललेला नियम, मध्येच वारलेला मालक. या विचारातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा की कर्त्याला यादीतून काढलेले नाही. तो पाचांपैकी एक आहे. त्याने स्वतःला पाचही समजू नये, आणि शून्यही समजू नये. सारे विवेचन या दोन टोकांच्या मधल्या जागेवर उभे आहे, आणि तरुण वास्तुविशारदाला सापडत नाही ती हीच जागा.

विद्यार्थ्याचे डिझाइन खरोखर बांधले गेल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. 1981 साली वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या मृत सैनिकांच्या स्मारकासाठी खुली स्पर्धा झाली. 1,421 प्रवेशिका आल्या. परीक्षकांपुढे त्या नावाशिवाय, फक्त क्रमांकाने ठेवल्या होत्या. निवडली गेली 1026 क्रमांकाची प्रवेशिका, आणि ती निघाली येल विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या माया लिनची. वर्गातल्या अभ्यासासाठी केलेले ते काम होते. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या भिंती, एका कोपऱ्यात मिळालेल्या, आणि त्यांवर मृतांची नावे, वर्णानुक्रमाने किंवा हुद्द्याने नव्हे तर मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने. एकट्या व्यक्तीच्या प्रतिभेचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. ती कल्पना दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि तिच्यावर कडाडून हल्ले झाले तेव्हा तिच्या बाजूने उभी राहिली तीही ती मुलगीच. पण पुढे काय झाले ते पाहा. बांधकामाचे नकाशे करायला अनुभवी वास्तुविशारदांची कंपनी नेमावी लागली. काळा ग्रॅनाइट आला तो आपल्या बंगळूरच्या परिसरातून. कापला गेला व्हर्मॉंटमध्ये, आणि नावे कोरली गेली टेनेसीत. जवळपास 58,000 नावांपैकी एकही चुकू नये म्हणून किती जणांनी ती तपासली असतील याची कल्पना करावी. त्या भिंतीपुढे उभा राहणारा माणूस आपल्या मुलाचे किंवा मित्राचे नाव शोधतो, त्या नावावर बोट ठेवतो, आणि चकाकत्या दगडात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. दगडाची ती झिलई शीटवर नसते. ती दगडाच्या जातीत असते आणि घासणाऱ्याच्या हातात असते. माया लिनचे श्रेय यामुळे कमी होत नाही. उलट कोणत्या दगडात तशी झिलई येईल हे तिने जाणले, यात तिचा वाटा नेमका दिसतो.

माया लिनसारखे भाग्य लाखात एखाद्याचे. बाकीचे कार्यालयात रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पुढ्यात येतो जिना, किंवा टॉयलेटचे डिटेल. संग्रहालयाच्या थिसीसवर वर्षभर घाम गाळलेल्या मुलाला हे हिणकस वाटते. पण जिना जवळून पाहण्यासारखा आहे. समजा दोन मजल्यांत तीन मीटरचे अंतर आहे आणि 150 मिलिमीटरच्या वीस पायऱ्या बसतात. हिशेब सरळ आहे. नव्या मुलाने कच्च्या स्लॅबपासून कच्च्या स्लॅबपर्यंत वीस समान भाग केले. आता मजल्यावर फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून 50 मिलिमीटर चढले, पायऱ्यांवर मात्र 30 च. काम पुरे झाल्यावर पहिली पायरी निघते 130 मिलिमीटरची आणि शेवटची 170 ची, मधल्या सगळ्या 150 च्या. कागदावर काहीच चुकलेले दिसत नाही. पण माणसाचे पाऊल दोन पायऱ्यांत उंची पाठ करते आणि पुढच्या पायऱ्या न बघता चढते. म्हणून त्या शेवटच्या पायरीवर म्हातारी माणसे वर्षानुवर्षे ठेचकाळत राहतात. चांगला मुकादम हे साइटवर पकडतो आणि शटरिंग लावतानाच पहिली पायरी उंच धरतो, शेवटची आखूड करतो. त्याने पकडले तर जिन्याचा कर्ता कोण? आणि त्याने पकडले नाही तर चुकीचा कर्ता कोण? ज्युरीपुढे हा प्रश्न कधी निघालेला नसतो, कारण तिथल्या जिन्यावर फरशी बसलेलीच नसते.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. कर्तेपण पाचांत वाटले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. हा आक्षेप रक्ताने लिहिलेला आहे. 17 जुलै 1981 रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दालनावरून जाणारे झुलते पादचारी पूल कोसळले आणि 114 माणसे गेली. मूळ नकाशात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पूल छतापासून खाली आलेल्या एकाच लांब गजावर टांगलेले होते. एवढ्या लांब गजावर आटे पाडणे अडचणीचे, म्हणून पोलाद पुरवणाऱ्याने त्याऐवजी दोन गज सुचवले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण दोर धरून लोंबकळणाऱ्या माणसाचे पाय दुसऱ्याने धरावेत तसे झाले. वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचा भार आला. नकाशावर अभियंत्याचा शिक्का होता. हिशेब मात्र कोणी केला नव्हता. प्रत्येकाने तो दुसऱ्याने केला असेल असे धरले. पुढे मिसूरी राज्यात दोन अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. आक्षेपकाला गीतेतलेही एक वचन हाताशी आहे: ज्याच्यात अहंकार नाही, ज्याची बुद्धी लिप्त नाही, त्याला कर्माचे बंधन लागत नाही, अशा आशयाचे. म्हणजे ‘मी फक्त नकाशा काढला’ म्हणणाऱ्याची सुटका झाली का?

नाही झाली, आणि का नाही झाली याचे उत्तर त्याच अध्यायात आहे. पुढे काही श्लोकांनंतर कर्माचे तीन प्रकार सांगताना, परिणाम काय होईल, नुकसान किती होईल, कोणाला इजा पोहोचेल आणि आपली कुवत किती, हे न पाहता मोहाने सुरू केलेले कर्म तामस म्हटले आहे. हयातच्या त्या नटचे वर्णन याहून चपखल करता येणार नाही. तिथे कोणी कर्तेपणाचा अहंकार सोडलेला नव्हता. प्रत्येकाचे मानधन, प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाची घाई जागच्या जागी होती. सोडले होते ते फक्त पाहणे. हे दोन त्याग सारखे दिसतात म्हणून एक समजले जातात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथे होतो. श्रेयावरचा हक्क सोडता येतो. पाहण्याचे काम सोडता येत नाही, कारण पाच कारणांतले एक आपण आहोतच, आणि ते एक दुसरा कोणी भरून काढू शकत नाही. ज्याला आपला वाटा नेमका किती हे कळते, त्यालाच त्या वाट्याचा जाब देता येतो. जो सगळेच आपले मानतो त्याला कुठे बघायचे ते कळत नाही, आणि जो काहीच आपले मानत नाही तो बघतच नाही.

याची उलट बाजू न्यूयॉर्कमध्ये दिसली. मॅनहॅटनमधली 59 मजल्यांची सिटीकॉर्प इमारत 1977 साली पुरी झाली. जागेच्या कोपऱ्यात चर्च होते, म्हणून तिचे प्रचंड खांब कोपऱ्यांत न ठेवता प्रत्येक बाजूच्या मधोमध ठेवले होते. विल्यम लमेझुरिए हे तिचे स्ट्रक्चरल अभियंते, त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर. 1978 साली विद्यार्थीदशेतल्या तरुणांकडून त्या इमारतीविषयी शंका आल्या, आणि त्या निमित्ताने त्यांनी तिरक्या वाऱ्याचे गणित पुन्हा मांडले. त्यात दिसले की वेल्ड करायचे सांधे त्यांच्याच कार्यालयाच्या संमतीने बोल्टचे केले गेले होते, आणि मोठ्या वादळात ते तग धरतील याची खात्री नव्हती. त्यांनी मालकांना सांगितले. रात्री-रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड करून इमारत सुरक्षित करण्यात आली. आजूबाजूला राहणाऱ्यांना मात्र ही गोष्ट 1995 पर्यंत कळू दिली गेली नाही, आणि तो भाग मला अक्षम्य वाटतो. ज्यांच्या डोक्यावर ती इमारत पडली असती ते या कर्माचे वाटेकरी नव्हते काय? पण या हकिगतीत शिकणाऱ्यांसाठी जे आहे ते नजरेआड होऊ नये. प्रश्न विचारणाऱ्यांना कसलाच अधिकार नव्हता, आराखड्यावर त्यांचे नाव येणार नव्हते. तरी त्यांचे विचारणे हे त्या इमारतीच्या उभे राहण्याचे एक कारण ठरले.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि त्याला उत्तर देणे मला अधिक जड जाते. निनावीपणाचे कौतुक कोण करतो? कैलास कोरणाऱ्या शिल्प्याचे नाव त्या ताम्रपटात नाही. दान देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे मात्र आहे. हे विनयामुळे झाले की हाताने काम करणाऱ्याचे नाव लिहिण्याजोगे मानलेच जात नव्हते म्हणून? दुसरी शक्यता आपल्या समाजाचा इतिहास पाहता झटकून टाकता येत नाही. आणि आजच्या कार्यालयांतही फळाची आशा धरू नये हा उपदेश वरून खाली होतो. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, जे.जे.मध्ये शिकले आणि 1951 साली पॅरिसला ल कॉर्बुझिएंकडे गेले. तिथे पहिले आठ महिने त्यांनी बिनपगारी काम केले. ही गोष्ट नव्या मुलांना प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि मग तीच गोष्ट त्यांना तुटपुंज्या पैशांत रात्री दहापर्यंत बसवण्याचे समर्थन होते. माझे म्हणणे स्पष्ट आहे. कर्मफलाचा त्याग ही ज्याची त्याने स्वतःवर घालून घेण्याची शिस्त आहे. जो दुसऱ्याच्या कर्माचे फळ खातो त्याला तो उपदेश करण्याचा अधिकार नाही. शिवाय पाच कारणांचा विचार या शोषणाच्या बाजूने उभा राहतच नाही, विरुद्ध उभा राहतो: ज्याच्या नावाने इमारत ओळखली जाते तो पाचांपैकी एकच आहे, हे मान्य केले तर उरलेल्यांचा पगार, त्यांची नावे आणि साइटवरच्या मजुराचे हेल्मेट हा दयेचा प्रश्न राहत नाही, हिशेबाचा होतो.

तिसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो: ‘मी’ काढून घेतला तर नवे सुचणार कसे? याला विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत आशयाने उत्तर दिले आहे. फळाचे चिंतन करण्यात जाणारा वेळ आणि शक्ती वाचली की ती सगळी कर्मात उतरते, म्हणून फलत्यागी माणसाचे काम अधिक सरस होते. वास्तुकलेत याला पुरावे आहेत. नारी गांधींनी कारागिरांसोबत जागेवर उभे राहून, नकाशांचा फारसा आधार न घेता घरे घडवली, स्वतःची जाहिरात कधी केली नाही. त्यांच्या कामात व्यक्तिमत्त्व कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. पॅरिसला बिनपगारी राबलेल्या त्याच दोशींनी 1980 च्या दशकात इंदूरला अरण्य वसाहत केली. सुमारे 6,500 भूखंडांच्या त्या वस्तीत त्यांनी नमुन्यादाखल 80 घरे बांधली; सर्वांत गरीब कुटुंबांना जोते आणि पाणी-सांडपाण्याची सोय असलेला गाभा मिळाला, पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनी घरांच्या भिंती मुद्दाम एकमेकांना चिकटू दिल्या नाहीत, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपले घर वाढवता येईल. आज तिथली कित्येक घरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. हे पाहून हळहळणारे वास्तुविशारद भेटतात. मला ती हळहळ समजते, पण पटत नाही. बदलता यावे म्हणूनच ती तशी आखली होती. चौक, गल्ल्या आणि मोकळ्या जागांची मांडणी बऱ्याच अंशी टिकली, आणि कोरियांचा वाटा तोच होता.

मग पाच वर्षांचे शिक्षण बदलावे काय? थोडेसे, हो. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक भिंत, एक ओटा, एक पायरी प्रत्यक्ष गवंड्याबरोबर उभी करावी, आणि तिची ज्युरी पहिल्या पावसाळ्यानंतर व्हावी. 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झाली की वास्तुविशारद म्हणवण्याचा हक्क मिळतो आणि सहीला वजन येते. ते वजन आधी कधी हातावर तोललेले असावे. पण खरी कसोटी अभ्यासक्रमात नाही, ती पोर्टफोलिओत आहे. दोन वर्षे नोकरी केलेला तरुण दुसरीकडे जायला निघतो तेव्हा त्याच्या पोर्टफोलिओत एखाद्या रुग्णालयाचे देखणे छायाचित्र असते आणि त्याखाली काय लिहायचे हा प्रश्न असतो. नुसते रुग्णालयाचे नाव लिहून पाचही कारणे आपल्या नावावर जमा होऊ द्यायची, की आपण ज्युनिअर होतो म्हणून ते पानच गाळायचे? ‘जिना क्रमांक दोनचे वर्किंग ड्रॉइंग आणि साइटवर पायऱ्यांची तपासणी’ एवढेच लिहिणारा उमेदवार आपला वाटा ओळखतो. तो पोर्टफोलिओ वाचणाऱ्याने पुढची पाने भरभर उलटू नयेत. तिथेच थांबून विचारावे की फिनिश किती धरले होते, आणि ते कोणाला विचारून.